परदेशातील टॅक्सी आणि मोबाईल ॲप : व्यापारी बांधवांनी काय ध्यानात ठेवावे?

माल खरेदी करताना आपले व्यापारी बांधव पाव-पाव दिरहमसाठी तासभर घासाघीस करतात. पण त्याच दिवशी संध्याकाळी "आज टॅक्सीवर किती गेले?" असे विचारले तर पुष्कळांना आकडा सांगता येत नाही. समजा, भिवंडीचा एक व्यापारी पाच दिवसांसाठी दुबईला गेला आणि त्याचे रोज १५० दिरहम टॅक्सीवर गेले. पाच दिवसांचे ७५० दिरहम झाले. त्याने ३,००० नग माल घेतला असेल तर प्रत्येक नगावर पाव दिरहम चढला. नगामागे एक दिरहम सुटेल असा हिशेब मांडून तो घरून निघाला असेल तर नफ्याचा चौथा हिस्सा रस्त्यातच संपला. मोठ्या आयातदाराला हे जाणवत नाही, कारण त्याचा माल कंटेनरने येतो. परंतु चार दुकानदारांचे पैसे एकत्र करून जाणारा लहान व्यापारी किंवा आपल्या कामाचे नमुने घेऊन ग्राहक शोधायला निघालेला कारागीर यांच्यासाठी हा खर्च लहान नाही. म्हणून या अंकात आम्ही टॅक्सीचा विषय घेतला आहे.

आपल्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांत एक सवय पडली आहे. रस्त्यावरचा टॅक्सीवाला किंवा रिक्षावाला जवळचे भाडे नाकारतो, मीटर टाकत नाही. म्हणून मोबाईलवर ॲप उघडायचे, भाडे आधीच दिसते, गाडी दारात येते. मुंबई-पुण्यात ही सवय योग्यच आहे. मात्र हीच सवय घेऊन जो परदेशी उतरतो तो बहुतेक वेळा जास्त पैसे देतो, आणि काही ठिकाणी तर रस्त्यात अडकून बसतो. आमचे मत असे की आपण ज्या शहरात जाणार त्या शहराचा टॅक्सीविषयीचा कायदा काय आहे हे आधी पाहावे आणि मगच ॲप की रस्त्यावरची टॅक्सी याचा निर्णय घ्यावा. दुबईत जे लाभाचे ते चीनमध्ये चालत नाही, आणि चीनमध्ये जे चालते ते इस्तंबूलमध्ये उपयोगाचे नाही.

प्रथम एवढे समजून घ्यावे की एकच ॲप जगभर चालत नाही. उबर कंपनीने २०१६ मध्ये चीनमधील आपला व्यवसाय दीदी या चिनी कंपनीला दिला आणि २०१८ मध्ये आग्नेय आशियातील व्यवसाय ग्रॅब या कंपनीला. म्हणून मलेशिया, सिंगापूर, थायलंड, इंडोनेशिया या देशांत जाणाऱ्याने ग्रॅब घ्यावे. तेथे उबर उघडून बसण्यात अर्थ नाही. आखाती देशांत करीम हे नाव चालते. ही कंपनी २०१२ मध्ये दुबईत सुरू झाली आणि पुढे उबरने ती ३१० कोटी डॉलरला विकत घेतली. हा व्यवहार जानेवारी २०२० मध्ये पूर्ण झाला. मालक एक झाला तरी करीमचे ॲप वेगळे आहे व वेगळेच चालते.

दुबई

आमच्या वाचकांपैकी सर्वाधिक लोक दुबईला जातात, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

दुबईतील टॅक्सी फिकट पिवळसर रंगाच्या असतात आणि त्यांचे छत लाल, निळे, हिरवे अशा निरनिराळ्या रंगांचे असते. या सर्व टॅक्सी सरकारच्या रस्ते व वाहतूक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली चालतात. मीटर टाकला जातोच, भाडे ठरवावे लागत नाही, मागितल्यावर छापील पावती मिळते. उलट ॲपवरून येणारी खासगी मोठी गाडी ही तेथे 'लिमोझिन' या वर्गात मोडते आणि ती टॅक्सीपेक्षा महाग असते. म्हणजे आपल्याकडच्या नेमके उलटे. मुंबईत ॲपची गाडी ही पुष्कळदा काटकसर असते, दुबईत तो शौक आहे. एखाद्या बड्या खरेदीदाराला हॉटेलातून आणायचे असेल तर अशी गाडी बोलवावी. स्वतः नमुने घेऊन नाइफच्या बाजारात फिरायचे असेल तर रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी थांबवावी.

मग ॲपचा काहीच उपयोग नाही काय? आहे. करीमच्या ॲपमध्ये 'हाला' नावाची सोय आहे. करीम आणि प्राधिकरण यांनी मिळून २०१९ मध्ये ती सुरू केली. तिच्यातून येते ती साधी मीटरची टॅक्सीच, फक्त ती बोलावण्याचा आकार थोडा जास्त पडतो. जेथे रस्त्यावर टॅक्सी फिरत नाहीत अशा गोदामांच्या भागात, अल कुसैस किंवा अल कूझ येथे, संध्याकाळी काम संपल्यावर उभे राहण्यापेक्षा हाला बोलावणे बरे. पैसे चालकाच्या हातात रोख देता येतात. चालकांची पाळी बदलते त्या वेळी आणि जुम्याच्या नमाजच्या सुमारास रिकामी टॅक्सी मिळणे कठीण जाते, हेही लक्षात ठेवून भेटीच्या वेळा ठरवाव्यात.

भाडे कोठे चढते ते पाहू. दुबई विमानतळावर टॅक्सीत बसले की मीटर २५ दिरहमपासून सुरू होतो. शहरात रस्त्यावर थांबवलेल्या टॅक्सीचा मीटर त्याहून पुष्कळ कमी आकड्यापासून सुरू होतो. देरा भाग विमानतळाला अगदी लागून आहे, त्यामुळे तेवढ्या अंतराला सुरुवातीचा आकडाच मोठा ठरतो. टर्मिनल १ व ३ येथे मेट्रोचे स्टेशन आहे. दिवसा उतरलेल्या माणसाने ३ ते साडेसात दिरहममध्ये मेट्रोने यावे, युनियन स्टेशनवर गाडी बदलून बनियास स्क्वेअर किंवा गोल्ड सूक गाठावे. पण मेट्रोत एका प्रवाशाला एक मोठी व एक लहान बॅग एवढेच सामान नेता येते, आणि मेट्रो रात्रभर चालत नाही. आपल्याकडून जाणारी पुष्कळ विमाने अवेळी पोहोचतात. टर्मिनल २ ला तर मेट्रोच नाही. अशा वेळी २५ दिरहमचा विचार न करता रांगेतली टॅक्सी घ्यावी. विमानतळाबाहेर जो माणूस जवळ येऊन हळू आवाजात "भाई, देरा? कम में छोड दूँगा" म्हणतो त्याच्याबरोबर मात्र जाऊ नये. तेथे या प्रकाराला 'कार लिफ्ट' म्हणतात आणि विनापरवाना प्रवासी नेणे हा गुन्हा आहे. पोलिसांनी गाडी थांबवली तर तुमचा दिवस वाया गेलाच म्हणून समजा.

दुसरी वाढ सालिकची. सालिक म्हणजे रस्त्यावरच्या कमानींखालून गेले की आपोआप लागणारा कर. टॅक्सीत बसलेल्या प्रवाशाच्या भाड्यात तो जोडला जातो. यात चालकाची लबाडी नसते, म्हणून त्याच्याशी वाद घालू नये. तिसरी वाढ शारजाची. दुबईहून टॅक्सीने शारजाला गेले की मीटरवर २० दिरहम अधिक लागतात. शिवाय दुबईची टॅक्सी शारजात सोडू शकते, तेथून नवे भाडे घेऊ शकत नाही. परतताना शारजाची टॅक्सी शोधावी लागते. स्वस्त खोलीसाठी शारजात मुक्काम करून रोज देऱ्याला येणारे कित्येक लोक आहेत. खोलीत वाचवलेले पैसे ते टॅक्सीत घालवतात, आणि संध्याकाळच्या वाहनकोंडीत दोन-दोन तास बसतात ते वेगळे. शारजातच राहायचे असेल तर युनियन बसस्थानकावरून जाणाऱ्या बसने ये-जा करावी.

खाडीच्या या बाजूला देऱ्याचा सोने व मसाल्याचा बाजार, पलीकडे बर दुबईचा कापडबाजार. टॅक्सी केली तर खाडीला वळसा पडतो. अब्रा नावाची लाकडी होडी एका दिरहममध्ये पाच-दहा मिनिटांत पलीकडे सोडते. नमुन्याची पिशवी हातात असली तरी काही अडत नाही. ज्यांनी अलिबाग किंवा मुरुडच्या खाडीत तरीने प्रवास केला आहे त्यांना तर ती ओळखीचीच वाटेल.

२००४ मध्ये सुरू झालेले ड्रॅगन मार्ट मात्र शहरापासून दूर, इंटरनॅशनल सिटी भागात आहे आणि आजमितीस तेथवर मेट्रो नाही. येथे दोघातिघांनी मिळून टॅक्सी करावी. तीन व्यापारी तीन टॅक्सींनी एकाच बाजारात जातात आणि तेथे चहाच्या टपरीवर भेटतात, हे दृश्य आम्हाला नेहमी गमतीचे वाटते. घरी आपण रिक्षात चार माणसे बसवतो!

चालक बहुधा पाकिस्तान, भारत वा बांगलादेशचे असतात. उर्दू-हिंदीत काम भागते, आणि आपल्या भाषेत बोलणारा माणूस परक्या शहरात भेटला की मन मोकळे होते. बोलावे, जरूर बोलावे. पण खिशात किती रोकड आहे, कोणता माल घ्यायचा आहे, कोणत्या दराने घ्यायचा आहे, या गोष्टी टॅक्सीत बोलू नयेत, दोन भागीदारांनी आपसातही नाही. एखादा चालक "माझ्या ओळखीचे दुकान आहे, तेथे नेतो" म्हणतो तेव्हा त्याची दलाली मालाच्या दरात मिसळलेली असते. बिचारा दिवसभर स्टिअरिंगवर असतो, चार पैसे मिळवू पाहतो. त्याला दोष न देता नम्रपणे नाही म्हणावे.

आपल्या ज्या भगिनी कपडे, भरतकाम किंवा दागिन्यांच्या व्यापारासाठी जातात त्यांच्यासाठी गुलाबी छताची टॅक्सी असते. तिची चालक स्त्री असते. विमानतळावर ती मिळते आणि ॲपवरूनही बोलावता येते.

पत्ता

आता एक अशी गोष्ट जी बहुतेकांना पहिल्या फेरीत नडते. दुबईच्या व्यापाऱ्याच्या कार्डावर 'पी. ओ. बॉक्स' आणि एक क्रमांक छापलेला असतो. आपला माणूस तेच कार्ड चालकापुढे धरतो. तो टपालपेटीचा क्रमांक आहे, दुकान कोठे आहे हे त्यावरून कळत नाही. तेथे टपाल घरोघर वाटण्याऐवजी पेटीत पडण्याची पद्धत आहे. चालक खुणेवर चालतात : अमुक मशिदीजवळ, तमुक हॉटेलसमोर. यावर सरकारने 'मकानी' ही उत्तम पद्धत काढली आहे. प्रत्येक इमारतीच्या दारावर दहा आकडी क्रमांकाची पाटी असते आणि त्या क्रमांकावरून नेमके दार सापडते. ज्याला भेटायचे त्याला आदल्या दिवशीच मकानी क्रमांक विचारून घ्यावा आणि जवळची एक ठळक खूणही. व्हॉट्सॲपवर निरोप व नकाशा मागवता येतो. पण संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलता येत नाही, ती सोय तेथे बंद आहे. "पोहोचल्यावर व्हॉट्सॲपवर कॉल करतो" असे ठरवून निघालेला माणूस रस्त्याच्या कडेला उन्हात उभा राहतो.

पैसे कसे द्यावेत

ॲप घरीच, निघण्याच्या आठवडाभर आधी मोबाईलमध्ये घालून कार्ड जोडून ठेवावे. तेथे उतरून हे काम करायला गेले की ओटीपी हवा असतो, तो भारतीय क्रमांकावर येतो, आणि त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू नसेल तर येतच नाही. दुसरे असे की रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू करून मिळते. परदेशातील वापर आपण स्वतः बँकेच्या ॲपवरून किंवा शाखेत सांगून सुरू करायचा असतो. हे न करता गेलेल्या माणसाचे कार्ड खात्यात लाखभर रुपये असूनही चालत नाही.

कार्डाने पैसे देताना यंत्र कधी कधी विचारते : रुपयात की दिरहममध्ये? रुपया पाहून आपलेपणा वाटतो आणि बोट तिकडेच जाते. वास्तविक तेथे रुपया निवडला की रुपयाचा दर समोरची संस्था ठरवते, आणि तो जवळजवळ नेहमीच आपल्याला महाग पडतो. दिरहमच निवडावा. त्यावरही आपली बँक बहुधा दोन ते साडेतीन टक्के आकार घेते व त्या आकारावर जीएसटी. दिवसातून आठ वेळा दहा-वीस दिरहमसाठी कार्ड घासण्यापेक्षा टॅक्सीपुरते सुटे दिरहम खिशात ठेवावेत आणि कार्ड मोठ्या रकमेसाठी राखावे. दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया डॉलरपुढे जेवढा घसरेल तेवढाच दिरहमपुढेही घसरतो. मागील फेरीचे टॅक्सीचे रुपये या फेरीला धरू नयेत.

चीन

यीवू किंवा ग्वांगझौला जाणाऱ्याची गोष्ट अगदी निराळी. येथे उर्दू चालत नाही, इंग्रजीही फार थोडी. रस्त्यावरची टॅक्सी मीटरने चालते, पण चालकाला पत्ता चिनी लिपीत दाखवावा लागतो. आपल्या उच्चारातले नाव त्याला कळत नाही. हॉटेलच्या काउंटरवरून चिनी लिपीतले कार्ड घ्यावे आणि ते पासपोर्टबरोबर ठेवावे. मुद्दा असा की या देशात ॲपच अधिक उपयोगी आहे, कारण पत्ता एकदा नकाशावर ठरला की बोलण्याची गरज उरत नाही.

दीदी वेगळे न घेता अलीपे या पैशाच्या ॲपमधूनच उघडता येते. अलीपेला भारतीय व्हिसा वा मास्टरकार्ड जोडता येते. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला ते परदेशी कार्डावर आकार घेत नाहीत, त्यावर ३ टक्के घेतात. टॅक्सीचे भाडे बहुधा या मर्यादेत बसते. चिनी सिम घातले तर व्हॉट्सॲप आणि गुगलचा नकाशा चालत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवावे, नाहीतर ते काळजीत पडतात. भारतीय सिमच्या रोमिंगवर या गोष्टी बहुधा चालतात, पण रोमिंगचे दर आधी पाहावेत.

गाडी आली की चालक तुमच्या मोबाईल क्रमांकाचे शेवटचे चार आकडे विचारतो. ते जुळले तरच तो गाडी हलवतो. आपला माणूस गोंधळतो, त्याला वाटते हा पैसे मागतो आहे. चार आकडे मोबाईलच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत काढून ठेवावेत आणि चालकाला दाखवावेत. गाडीची पाटी हिरवी दिसली तर ती विजेवर चालणारी आहे एवढेच समजावे. पाटीचा क्रमांक मात्र ॲपमधल्या क्रमांकाशी ताडून पाहिल्याशिवाय बसू नये. यीवूच्या बाजारासमोर एकसारख्या दहा गाड्या एकाच वेळी उभ्या असतात.

ग्वांगझौला कँटन फेअरसाठी गेलेल्यांनी प्रदर्शन सुटण्याच्या वेळी टॅक्सीच्या नादी लागू नये. मेट्रोचा ८ क्रमांकाचा मार्ग प्रदर्शनाच्या दारापाशी जातो.

इस्तंबूल आणि जेद्दा

इस्तंबूलला कापडासाठी लालेली व मेर्तेर भागात जाणारे आता वाढले आहेत. तेथे उबरची खासगी गाड्यांची सेवा २०१९ मध्ये बंद झाली. आज उबर किंवा बिताक्सी या ॲपवरून येते ती परवानाधारक टॅक्सीच, आणि भाडे मीटरचेच. त्यामुळे ॲपने पैसे वाचत नाहीत. फायदा इतकाच की गाडी आणि चालक यांची नोंद राहते, आणि जवळचे भाडे नाकारण्याची तेथली जुनी खोड थोडी टळते. रात्रीचा वेगळा दर तेथे नाही. कोणी मागितला तर देऊ नये. पुलांचा कर मात्र भाड्यात लागतो. नोट देताना ती कितीची आहे हे मोठ्याने म्हणून द्यावी, कारण दोनशेची नोट घेऊन वीसची दाखवण्याचा प्रकार तेथे प्रवाशांशी घडतो. या शहराला दोन विमानतळ आहेत, एक युरोपच्या बाजूला व दुसरा आशियाच्या. परतीच्या दिवशी तिकिटावरचे नाव चालकाला वाचून दाखवावे. चुकीच्या विमानतळावर पोहोचलेल्या माणसाला विमान मिळत नाही.

उमऱ्याला जोडून जेद्द्यात अत्तर, जानमाज, खजूर यांची खरेदी करणाऱ्यांनी विमानतळावरच्या विनापरवाना गाड्यांपासून दूर राहावे. उबर व करीम दोन्ही तेथे चालतात. मक्का आणि मदिना येथे जाण्यासाठी २०१८ पासून हरमैन रेल्वे आहे, आणि सामान बेताचे असेल तर ती टॅक्सीपेक्षा सोयीची. मक्केत नमाजच्या वेळी हरमच्या आसपासचे रस्ते बंद होतात, म्हणून गाडी थोड्या अंतरावरच्या हॉटेलपाशी बोलवावी आणि तेथवर चालत जावे.

पावती

दुसऱ्यांच्या पैशाने जाणाऱ्याने पावतीविषयी आळस करू नये. चौघांनी भरवशाने दिलेली रक्कम ही अमानत आहे. तिच्यातून झालेला टॅक्सीचा खर्च अंदाजाने "दोन-तीन हजार असतील" असा सांगणे बरे नव्हे. ॲपने केलेल्या प्रत्येक फेरीची पावती ईमेलवर येते, तीत तारीख, वेळ व दोन्ही ठिकाणे असतात. रस्त्यावरच्या टॅक्सीतून उतरण्यापूर्वी छापील पावती मागावी. त्या कागदावरची शाई लवकर उडते, म्हणून त्याच रात्री फोटो काढून ठेवावा. नातेवाइकांना भेटायला किंवा मॉल पाहायला केलेल्या फेऱ्या वेगळ्या ठेवून स्वतःच्या खिशातून भराव्यात.

पावतीचा दुसरा उपयोग सामान विसरल्यावर कळतो. नमुन्यांची पिशवी टॅक्सीत राहिली तर दुबईत ८००९०९० या सरकारी क्रमांकावर कळवता येते. तेथे पहिला प्रश्न टॅक्सीच्या क्रमांकाचा असतो. तो हाती असेल तर गाडीचा शोध लवकर लागतो. नसेल तर कोठे बसलात, किती वाजता बसलात, छत कोणत्या रंगाचे होते, हे सर्व आठवून सांगावे लागते.